आधी बोटांना जागा द्या, पातळ तळाचं नंतर बघू

प्रश्न: मॅडम, मी पारोळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वय ४२. गेल्या वर्षी टाच इतकी दुखायची की सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून टाकावी लागत. दुकानदाराच्या सांगण्यावरून जाड, मऊ तळाचे स्पोर्ट्स शूज घेतले. टाच आता बरीच बरी आहे, पण करंगळीवर कुरूप झालंय आणि अंगठा बाकीच्या बोटांकडे वळायला लागलाय. मुलगा २० वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो. त्याने व्हिडिओ बघून ऑनलाइन ‘बेअरफूट शूज’ मागवले, पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळाला आणि मग दोन दिवस त्याला जिना उतरता येईना. तरी म्हणतो, आई, तूसुद्धा हेच घे. सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत, जन्मभर शेतात अनवाणी राबल्या, त्या म्हणतात बूटच कशाला लागतात? मिस्टरांना नऊ वर्षांपासून शुगर आहे आणि दर चैत्रात ते वणीला अनवाणी पायी जातात. एका घरात चार मतं झाली. मी फिरायला, शाळेत आणि योगासनांना काय घालू? हे महागडे बूट घ्यावेत का?

उत्तर:

ताई, प्रश्न तुम्ही स्वतःसाठी विचारलाय, पण पत्र वाचताना माझा जीव अडकला तो शेवटून चौथ्या वाक्यात. म्हणून तुमच्या मिस्टरांबद्दल आधी लिहिते.

चैत्रात आपल्या खान्देशातून सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघणाऱ्यांची रांग मी लहानपणापासून पाहिली आहे. आमच्या ओट्यावर माठ भरून ठेवलेले असायचे. त्या चालण्यातली श्रद्धा मला कळते, आणि नवस मोडा असं मी कुणाला सांगणार नाही. पण शुगर जुनी झाली की तळव्याच्या नसा हळूहळू बधिर होतात. काटा बोचला, फोड आला, डांबराने कातडी भाजली, तरी वर कळवायला कुणी नसतं. ‘मला अनवाणी चालताना काहीच होत नाही’ असं शुगरचा पेशंट अभिमानाने सांगतो, तेव्हा मी आधी त्याचे मोजे काढायला लावते. मंदिराच्या आवारातल्या तापलेल्या फरशीवर भर दुपारी प्रदक्षिणा घातलेले एक काका माझ्याकडे आले होते. दोन्ही तळव्यांची साल निघालेली, आणि त्यांना ते घरी गेल्यावर चादरीवरचे डाग बघून कळलं. जखम भरायला पुढे कितीतरी महिने गेले.

तेव्हा पहिलं काम, त्यांना डॉक्टरांकडे नेऊन पावलांची संवेदना तपासून घ्या. दहा ग्रॅम दाबाचा एक नायलॉनचा धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून बघतात, पाच मिनिटांत होतं, दुखत नाही. धागा कळत नसेल तर त्यांच्यासाठी अनवाणी चालणंही नाही आणि पातळ तळाचे बूटही नाहीत, घरातसुद्धा नाहीत. त्यांना लागते ती एमसीआर रबराची (बारीक छिद्रांचं मऊ रबर), मागे पट्टा असलेली रुंद सँडल किंवा तसाच मऊ अस्तराचा बंद बूट. घालण्याआधी रोज आत हात फिरवून बघायचं, खडा आहे का, विंचू आहे का. रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघायचे. वणीला त्यांनी जरूर जावं, पायीच जावं, पण चपला घालून आणि पहाटे. चपला काढायच्या त्या देवीच्या दारातच. हे तुम्ही नाही, त्यांच्याबरोबर चालणाऱ्या मंडळींपैकी कुणा मोठ्याने सांगितलं तर ते ऐकतील असं मला वाटतं.

आता तुमचं.

‘बेअरफूट शूज’ किंवा मिनिमलिस्ट बूट म्हणतात त्यात चार गोष्टी असतात. बोटांकडे बूट रुंद असतो, पंख्यासारखा. टाच आणि चवडा एकाच पातळीवर असतात. नेहमीच्या पळण्याच्या बुटात टाच साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. तळ पातळ असतो, काही मिलिमीटरचाच, त्यामुळे खालची जमीन पायाला कळते. आणि बूट इतका लवचिक असतो की हातात गुंडाळता येतो. व्हिडिओ करणारे जवळजवळ सगळे बोलतात ते पातळ तळाबद्दल, कारण ते नवं आणि धाडसाचं दिसतं. वीस वर्षं पाय हाताळल्यावर माझं मत असं झालंय की या चारांत सगळ्यात जास्त उपयोगाची आणि सगळ्यात कमी धोक्याची गोष्ट म्हणजे रुंदी. पातळपणा सगळ्यात शेवटी यावा, आणि तुमच्या वयात, दुखून गेलेल्या टाचेला, तो नाही आला तरी बिघडत नाही.

तुमच्या पावलाने तुम्हाला हे आधीच सांगितलंय. करंगळीवरचं कुरूप म्हणजे रोज एकाच जागी होणारं घर्षण. अंगठा वळायला घराण्यातली ठेवण कारण असते, पण निमुळता बूट त्याला रोज ढकलत राहतो. दुकानदाराने टाचेची काळजी घेतली, पुढे बोटं कुठे जाणार हे बघितलं नाही. त्याला दोष नाही, बहुतेक बायकांचे बूट असेच निमुळते येतात.

संध्याकाळी, दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असताना, एका पुठ्ठ्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा. मुलाला सांगा, पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ मार. दोन्ही पायांचं काढा, दोन्ही क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाचा पुठ्ठा कापा आणि पिशवीत टाकून दुकानात न्या. बुटाच्या आत सरकवल्यावर पुठ्ठ्याच्या कडा वर वळल्या तर तो बूट तुमचा नाही, मग तो कितीही मऊ असो. आतली गादी निघत असेल तर ती काढून जमिनीवर ठेवा, तिच्यावर उभ्या राहा; करंगळी बाहेर लोंबली तर तेच उत्तर. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी हवी. ‘वापरून सैल होईल’ या वाक्यावर बूट घेऊ नका. आणि मला सांगताना आनंद होतो असा एक सोपा उपाय: बायकांच्या मापात रुंद मिळेना तर पुरुषांच्या मापातला लहान नंबर घालून बघा. त्यांचा साचा मुळातच रुंद असतो. काही कंपन्या रुंद बुटावर २ई, ४ई असं छापतात, तेही विचारा. जळगावचं फुले मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, पुठ्ठा घेऊन फिरणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार दोन मिनिटं बघत राहतो आणि मग स्वतःच चार डबे जास्त काढतो. माझ्या पेशंटांचा हा अनुभव आहे.

रुंद बूट मिळाला की पुढे बघायची ती टाच. एकदम सपाटावर येऊ नका. आत्ताच्या बुटाची टाच उंच आहे आणि पोटरीला त्या उंचीची सवय झाली आहे. ती सवय एका दिवसात काढली की पोटरी ओढली जाते, तिच्यामुळे टाचेमागची शीर आणि तळव्याचा पडदा ताणला जातो, आणि तुमचं जुनं दुखणं परत दारात उभं. मधल्या उंचीचा, चार-पाच मिलिमीटर फरकाचा बूट सहा महिने घातलात तरी खूप झालं. सकाळचं फिरणं त्याच बुटात करा. नऊ-दहा हजारांचा परदेशी बूट तुम्हाला आज लागत नाही. तेवढ्या पैशांत तुमच्या दोघांची पादत्राणं नीट होतील.

शाळेसाठी तर तुमच्याकडे फुकटातला उपाय आहे. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत मुलं वर्गाबाहेर चपला काढून आत बसतात. तुमच्या वर्गाची तशी पद्धत असेल तर तुम्हीही काढा. पहिले पंधरा दिवस एकच तास, मग दोन. फिरा, मुलांजवळ उकिडव्या बसा, उठा. पाय जमिनीवर कसा पसरतो, कमान कशी उचलली जाते, हे पायाला कळायला लागतं. मात्र टाच सध्या सकाळी ठणकत असेल तर हे आत्ता नाही. दुखत्या टाचेला कडक फरशी सोसत नाही, त्या काळात घरातही मऊ स्लीपर घाला. ‘अनवाणी चाला, टाच बरी होईल’ असं सरसकट सांगणारे लोक माझ्या पेशंटांचं नुकसान करतात, आणि त्याचा मला राग येतो.

योगासनांना काहीच घालू नका. अनवाणी, चटईवर. तिथे बुटाचा प्रश्नच नाही.

तळवा मजबूत करायला तीन व्यायाम सांगते, जास्त नाही. सकाळी पलंगावरच, पाय खाली ठेवण्याआधी, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढून धरा, दहा आकडे, दहा वेळा. दुसरा, भिंतीला हात टेकून टाचा उचलण्याचा. बोटांखाली गुंडाळलेला नॅपकिन ठेवा म्हणजे बोटं वर वळलेली राहतात. तीन आकड्यांत वर, दोन आकडे थांबा, तीन आकड्यांत खाली. बारा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. आधी दोन्ही पायांवर, जमायला लागलं की एकावर. तिसरा, खुर्चीत बसून बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढायचा, जणू पाऊल आखूड करतोय. पहिल्या आठवड्यात तो कुणालाच येत नाही, सोडू नका.

‘हे सगळं खरंच उपयोगी आहे का, की नवं खूळ आहे?’ असं तुम्ही पत्रात विचारलं नाही, पण शिक्षिका आहात, मनात आलं असेल. थोडं सांगते. १९९२ मध्ये दोन भारतीय डॉक्टरांनी, राव आणि जोसेफ यांनी, ४ ते १३ वयाच्या २३०० भारतीय मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. त्यातही बंद बूट घालणाऱ्यांत ते सगळ्यात जास्त होतं, चपला-सँडलवाल्यांत त्याहून कमी. तुमच्या वर्गातल्या मुलांना चपला काढू देण्याचं हे चांगलं कारण आहे. मोठ्यांबद्दल म्हणाल तर लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की सहा महिने रोजच्या वावरात पातळ, लवचिक बूट घातल्यावर पायाच्या बोटांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली. लक्षात घ्या, रोजच्या वावरात. त्यांनी त्या लोकांना पळायला लावलं नव्हतं.

आणि इथेच तुमच्या मुलाची गाडी चुकली.

त्याला माझ्याकडून सांगा, चूक बुटांची नाही, पाच किलोमीटरची आहे. पातळ बुटात माणूस बऱ्याचदा टाचेऐवजी चवड्यावर पडायला लागतो. गुडघ्यावरचा भार थोडा कमी होतो, पण तो भार नाहीसा होत नाही, पोटरीवर, घोट्यावर आणि पावलाच्या मधल्या लांब हाडांवर येतो. पोटरी दोन दिवस भरून येते, दुखते, मग मोकळी होते. स्नायू लवकर शिकतो. हाड फार हळू शिकतं. २०१३ मध्ये अमेरिकेत अनुभवी धावकांवर एक अभ्यास झाला. त्यातल्या १९ जणांनी दहा आठवड्यांत पाच बोटांच्या पातळ बुटांकडे वळायचा प्रयत्न केला. एमआरआय केल्यावर त्यातल्या १० जणांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. ती मुरलेली धावणारी माणसं होती आणि त्यांना दहा आठवडे दिले होते. तुमच्या मुलाने एक सकाळ दिली.

मी स्वतः हे भोगलंय. शिकत असताना, असंच भारावून, मी पातळ बुटात रोज सकाळी पळायला लागले. तिसऱ्या आठवड्यात उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला एका जागी दुखायला लागलं. एक्स-रे काढला, स्वच्छ होता. मी तशीच पळत राहिले. हाडातल्या अशा बारीक भेगा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाहीत हे मला पुस्तकातून माहीत होतं, स्वतःच्या पायाला लावून बघितलं नाही. पुढचे दोन महिने चालणंसुद्धा मोजून मापून होतं. भरतीच्या पोरासाठी दोन महिने म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

हे बूट बनवणारे सुरुवातीला मोठमोठे दावे करायचे. पाच बोटांच्या बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हायब्रम कंपनीवर अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला, पायांच्या आरोग्याबद्दल जाहिरातीत जे म्हटलंय त्याला पुरावा नाही म्हणून. २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड केली. मुलाला हे जरूर वाचून दाखवा. तो तुम्हाला अबेबे बिकिला सांगेल, सगळी मुलं सांगतात: १९६० ची रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन, इथिओपियाचा हा सैनिक अनवाणी पळाला आणि जिंकला. खरं आहे. त्याला पुढची गोष्टही सांगा. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून पळाला, पुन्हा जिंकला, आणि आधीपेक्षा तीन मिनिटांहून थोडं जास्तच लवकर पोहोचला. पाय तयार होते, म्हणून दोन्ही जमलं.

भरतीत त्याला १६०० मीटर आणि १०० मीटर पळायचंय, वर गोळाफेक. ग्राउंड दोन-तीन महिन्यांवर असेल तर बूट बदलायची ही वेळच नाही. जुन्या बुटात तयारी करू द्या, नवे बूट डब्यात ठेवा. वेळ जास्त असेल तर पहिला महिनाभर नवे बूट फक्त चालायला, रोज पंधरा-वीस मिनिटं. दुसऱ्या महिन्यात सरावाच्या शेवटी, मातीच्या मैदानावर, चारशे मीटरची एक हलकी फेरी, आठवड्यातून तीनदा. डांबरी रस्त्यावर नाही. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, आणि पळण्याचा मोठा भाग जुन्या बुटातच ठेवायचा. अकॅडमीतली काही मुलं अनवाणी पळतात आणि जोरात पळतात, ते बघून त्याला घाई होईल. ती मुलं लहानपणापासून रानात, बांधावर तशीच पळत आली आहेत. त्यांचा सराव पंधरा वर्षांचा आहे.

एप्रिल-मे मध्ये आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला जातो आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. पातळ तळातून ती धग सरळ पायाला लागते. उन्हाळ्यात असे बूट फक्त सूर्य उगवण्याच्या आसपास.

सासूबाईंचं म्हणणं चुकीचं नाही. त्यांचा पाय तसाच घडलाय, तुमचा आणि माझा तसा घडलेला नाही. केनियात अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्यांचा अभ्यास झालाय. कातडी जाड झाली तरी जमिनीची जाणीव कमी झाली नव्हती. सासूबाई अंधारात अंगणात उतरून बरोबर खड्याच्या बाजूला पाऊल टाकत असतील तर त्याचं कारण हेच. त्यांची सवय या वयात मोडू नका. फक्त टाचांना भेगा असतील तर रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून दगडाने हलकेच घासा, व्हॅसलिन लावा, वर सुती मोजे. भेगांतून रक्त येत असेल तर शेणा-मातीत अनवाणी नको. आणि रात्री कुणीही कपाशीला, केळीला पाणी भरायला जात असेल तर गमबूट. बाभळीचा काटा परवडला, घोणस नाही.

रबरी स्लीपर सपाट आणि रुंद असते, म्हणून बरेच जण विचारतात की तीच घालून फिरलं तर? ती पायात धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात. बाजारात जाऊन यायला ठीक, भरभर चालायला नाही. तुम्हाला रोजच्या वापराला उघडं काही हवं असेल तर पारोळ्यात किंवा अमळनेरला मापाची चप्पल शिवून देणारे कारागीर शोधा. तोच पुठ्ठा त्यांना द्या, सपाट तळ, मागे पट्टा, घोट्यापाशी बक्कल, असं सांगा. मापाचं काम त्यांना आवडतं, आणि ते बहुधा महागड्या बुटाच्या कितीतरी कमी पैशांत होतं.

पांढरे कापडी पीटीचे बूट सपाट आणि लवचिक असतात, पण बोटांकडे निमुळते. तुमच्या कुरुपाला ते चालणार नाहीत. कुरूप ब्लेडने कापू नका, आणि मिस्टरांच्या पायावर असेल तर कुरुपाची पट्टीही लावू नका, त्यातल्या औषधाने चांगली कातडी जळते.

एक काम मात्र आज संध्याकाळीच करा. मुलाला बसवा, त्याचं पाऊल मांडीवर घ्या आणि वरच्या बाजूने, बोटांच्या मागच्या लांब हाडांवर, तुमच्या अंगठ्याने एकेक जागा दाबत जा. नडगीवरही. सगळीकडे सारखंच दुखत असेल तर तो स्नायूंचा ताण आहे, आठवड्यात जाईल. पण एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, दाबल्यावर तो पाय ओढून घेत असेल, तर पळणं लगेच बंद करून त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि एक्स-रे स्वच्छ आला तरी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं का, ते त्यांना विचारा.